काचेची तोफ सांभाळायची कशी? नवख्याला ‘मेज’ शिकवताना…

ऑनलाइन गेममध्ये नव्याने आलेल्या मुलाला पात्र निवडायला सांगितले, की अनेकदा त्याचे बोट थेट जादूगारावर जाते. हातातून आग, बर्फ, वीज सुटते आणि सगळी स्क्रीन उजळून निघते. मग पहिल्याच मॅचमध्ये तो आठ-दहा वेळा मरतो. टीममधले अनोळखी लोक चॅटवर तोंडाला येईल ते लिहितात आणि चार दिवसांत गेम मोबाइलमधून डिलीट होतो. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-उस्मानपुऱ्यातील होस्टेल रूमवर मित्राला किंवा घरी धाकट्या भावंडाला खेळ शिकवणाऱ्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मुलगा खेळात कच्चा असतो असे नाही. सगळ्यांत अवघड पात्र त्याच्या हाती दिले जाते आणि ते कसे जिवंत ठेवायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

मेज म्हणजे नेमके कोण?

पाच विरुद्ध पाच अशा गेममध्ये प्रत्येकाचे काम ठरलेले असते. टँक मार खातो, सपोर्ट सांभाळून घेतो आणि मेज, म्हणजे जादूगार, लांबून मोठा घाव घालतो. घाव जबर, पण अंगात ताकद कमी. त्याची हेल्थ तोकडी असते, चिलखत जवळपास नसते आणि पळण्याचा वेगही बहुधा बेताचा असतो. गेमर मंडळी अशा पात्राला ‘ग्लास कॅनन’, म्हणजे काचेची तोफ म्हणतात.

हा नाजूकपणा जुना आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 मध्ये आणला. त्याच्या 1978 च्या नियमपुस्तकात योद्ध्याची जीवनशक्ती दहा बाजूंच्या फाशाने ठरायची, तर जादूगाराची चार बाजूंच्या. चिलखत घालायला त्याला परवानगीच नव्हती आणि पहिल्या पातळीवर दिवसाला मंत्र मिळायचा एक. तो चुकला, की हातात काठी किंवा खंजीर घेऊन उभे राहायचे. कारण साधे होते. शेवटी सगळ्यांत बलवान होणारे पात्र सुरुवातीपासून दणकट असते, तर बाकीची पात्रे कोणी घेतलीच नसती. पुढे संगणकावरच्या खेळांनी हीच वाटणी उचलली. 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधला मेज आजही अंगावर फक्त कापड घालतो, शत्रू अंगावर आला तर त्याची मेंढी करून टाकतो किंवा पाय बर्फात गोठवून सटकतो.

देवगिरीवरची तोफ तटबंदीपुढे नसते

मेंढीवरून आठवण निघालीच आहे, तर शहराजवळच्या देवगिरी किल्ल्यावरची मेंढा तोफ डोळ्यांसमोर आणावी. मागच्या बाजूला मेंढ्याचे तोंड असलेली ही अवजड तोफ बुरुजावर, उंचावर आहे. तिच्यापर्यंत पोहोचायचे तर शत्रूला तटबंदी, दरवाजे असे सगळे पार करावे लागे. ती कोणी तटबंदीच्या पुढे, मोकळ्या मैदानात नेऊन ठेवली नाही. नवखा मेज नेमके तेच करतो. मारा करता येतो म्हणून तो टँकच्या पुढे जाऊन उभा राहतो. त्याला सांगायची पहिली गोष्ट ही, की ‘तुझ्यात आणि शत्रूत कायम आपला कोणीतरी माणूस हवा.’ बाकी सगळे नंतर.

दुसरी गोष्ट कबड्डी खेळलेल्या मुलाला लगेच समजते. चढाईला गेलेला खेळाडू एका दमात आत जातो, गडी टिपतो आणि दम संपायच्या आत मध्यरेषा गाठतो. मेजचेही तसेच आहे. त्याचा दम म्हणजे ‘माना’, जादू वापरायला लागणारी शक्ती. त्यात भर ‘कूलडाऊन’ची, म्हणजे एकदा वापरलेले स्किल पुन्हा मिळेपर्यंतचा वेळ. समजा, सगळी स्किल एकदम वापरली आणि ती परत यायला दहा सेकंद लागणार आहेत. त्या दहा सेकंदांत तो जादूगार उरत नाही, रस्त्याने चाललेला निःशस्त्र माणूस असतो. नवखा नेमका याच वेळी पुढे उभा राहून ‘अजून एक फटका’ मारायला बघतो. घाव घातला की मागे फिरायचे, ही सवय लागली तरी निम्मे मरण टळते.

कोणत्या गेमपासून सुरुवात?

भारतात या प्रकारच्या मोबाइल गेमचा इतिहास तुटक आहे. ‘मोबाइल लेजेंड्स’ 29 जून 2020 रोजी बंदी आलेल्या 59 अ‍ॅपमध्ये होता. ‘अरेना ऑफ व्हॅलर’ त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या 118 अ‍ॅपच्या यादीत गेला. त्यामुळे अनेक जुन्या खेळाडूंचे शिक्षण अर्धवट राहिले आणि आज दादाने शिकलेला गेम धाकट्याच्या फोनवर नसतो.

सप्टेंबर 2021 मध्ये मोबाइलवर आलेला ‘पोकेमॉन युनाइट’ नवख्याला सोपा पडतो. नेहमीची मॅच दहा मिनिटांची असते आणि सरावासाठी वेगळी सोय आहे. त्यातली गार्डेवॉर ही नमुनेदार काचेची तोफ. मॅच सुरू होते तेव्हा ती राल्ट्स नावाचे इवलेसे पोकेमॉन असते. पातळी वाढत जाते तशी पुढचे रूप घेते. म्हणजे सुरुवातीला भांडण टाळून रानातले पोकेमॉन मारत मोठे व्हायचे. ज्याला हे पटत नाही, तो राल्ट्स असतानाच तीन वेळा मरतो आणि ‘हे पात्रच बेकार आहे’ म्हणतो. सोबत ‘इजेक्ट बटण’ घ्यायला लावावे. ते झटकन बाजूला उडी मारू देते. मात्र ते जीव वाचवण्यासाठी आहे, शत्रूवर झेपावण्यासाठी नाही, हे चार वेळा सांगावे लागते.

घरी किंवा कॅफेत पीसी असेल तर ‘डोटा 2’मधली क्रिस्टल मेडन चांगली. ती हळू चालते, पटकन मरते, पण तिचे ‘फ्रॉस्टबाइट’ थेट शत्रूवर क्लिक करून लागते, नेम धरावा लागत नाही. होस्टेलच्या वाय-फायवर संध्याकाळी पिंग वाढते, तेव्हा हा फरक मोठा ठरतो. नेम धरून टाकायचे स्किल उशिरा पोहोचले तर शत्रू होता तिथे पडते, आहे तिथे नाही. अशा वेळी मुलगा स्वतःला दोष देत बसतो. तिचे सगळ्यांत मोठे स्किल ‘फ्रीझिंग फील्ड’ दिसायला देखणे असते, पण ते चालू असताना शत्रूने स्टन केले की लगेच थांबते. शत्रूंनी आपली स्टन करणारी स्किल आधी वापरून टाकावीत, तोवर थांबायचे. हा धीर यायला आठवडे लागतात.

एका मॅचला एकच धडा

शिकवणाऱ्याची मोठी चूक म्हणजे सगळे एकदम सांगणे. नकाशा बघ, आयटम घे, मागे हो, स्किल टाक, आता का टाकले… मुलाच्या कानात एवढे गेले की हात थांबतात. त्याऐवजी पहिल्या दोन-तीन मॅच फक्त बॉटविरुद्ध खेळाव्यात आणि एकच लक्ष्य द्यावे, ‘तीनपेक्षा जास्त वेळा मरायचे नाही.’ किती मारले, हे विचारूच नये. नंतरच्या मॅचमध्ये एकच नियम: एक स्किल कायम राखून ठेवायचे, शत्रूला थांबवणारे किंवा स्वतःला पळवणारे. मग मिनीमॅप. दर काही सेकंदांनी कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर नजर टाकायची आणि शत्रूचे पाच जण मोजायचे. तीनच दिसत असतील तर उरलेले दोघे बहुधा याच्याच मागावर आहेत. मेज हा सोपा बळी असतो आणि त्याला मारले की सोने व अनुभव दोन्ही मिळतात. मेलेला मेज तेवढा वेळ काही कमावत नाही. मॅच पुढे सरकते तसा परत येण्याचा वेळही वाढतो.

मॅच संपल्यावर स्क्रीन रेकॉर्डिंग लावून फक्त मरणाचे प्रसंग पाहावेत. ‘का मेलास?’ असे विचारले तर मुलगा टीमला दोष देतो. ‘मरायच्या दहा सेकंद आधी कुठे उभा होतास?’ असे विचारले तर तो स्वतःच म्हणतो, ‘दादा, इथे तर मी एकटाच होतो.’

फोन हातातून घेऊन ‘बघ, असे खेळतात’ करणे टाळावे. शिकवणाऱ्याने त्याच मॅचमध्ये टँक किंवा सपोर्ट घेऊन पुढे उभे राहणे कितीतरी उपयोगी. ‘डोटा 2’मध्ये तर कोचची वेगळी सोय आहे, कोच शिकणाऱ्याची स्क्रीन पाहू शकतो, त्यावर खुणा करू शकतो. एक मोह मात्र आवरायला हवा. नवख्यासोबत खेळता यावे म्हणून अनुभवी खेळाडू नवे खाते काढतो. याला ‘स्मर्फ’ म्हणतात आणि समोरच्या टीममधल्या नवख्यांची त्यात वाट लागते. ‘डोटा 2’ची मालक कंपनी व्हॉल्व्हने सप्टेंबर 2023 मध्ये अशी 90 हजार खाती बंद केल्याचे जाहीर केले होते. बॉटविरुद्ध किंवा मित्रांच्या खासगी लॉबीत शिकवले तर ही वेळ येत नाही.

आणि चॅट? पहिला महिनाभर अनोळखी लोकांचे चॅट म्यूटच ठेवावे. पाच जणांत पहिला मरणाऱ्यावर राग निघतो आणि तो बहुतेकदा मेजच असतो. मुलींना तर व्हॉइस चॅट सुरू करताच जे ऐकावे लागते, ते वेगळेच. माहितीची देवाणघेवाण पिंगच्या खुणांनीही होते.

घरच्यांच्या मनातला प्रश्न

‘हा पैशांचा खेळ तर नाही ना?’ हा प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यापासून वेगळे ठेवले. वर सांगितलेले गेम पैज लावण्याचे नाहीत, पण त्यात पोशाख वगैरे विकत मिळतात. त्यामुळे आईबाबांच्या यूपीआयचा पिन मुलाला माहीत नसलेलाच बरा. याच खेळांत देशाचे संघही उतरतात. ऑगस्ट 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाझच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने न्यूझीलंडला 2-0 असे हरवून ‘डोटा 2’चे कांस्यपदक मिळवले होते. अर्थात, बारावीच्या वर्षात हे उदाहरण घरी कितपत चालेल, हा भाग वेगळा.

बॉट सोडून खऱ्या माणसांविरुद्ध कधी उतरवावे, याची खूण मारलेल्या शत्रूंच्या आकड्यात सापडत नाही. एखाद्या मॅचमध्ये मुलगा स्किल टाकता टाकता थांबतो, मागे सरकतो आणि विचारतो, ‘त्यांचा तो पाचवा कुठे गेला? दिसत नाहीये.’ त्यानंतरची मॅच खरी लावायला हरकत नाही.