सात रात्रींचं चलन

मुलुंडमध्ये पाच रस्ता ते स्टेशन एवढं अंतर चाललं तरी ट्रॅव्हल एजंटांच्या दोन-चार पाट्या दिसतात, आणि हल्ली काश्मीर-केरळच्या शेजारी क्रूझही लिहिलेली असते. सिंगापूरहून तीन रात्री, बार्सिलोनाहून सात रात्री, मुंबई–गोवा–मुंबई. एजंट कोटेशन पाठवतो, आपली नजर थेट एकूण रकमेवर जाते आणि तळाची एक बारीक ओळ वाचायची राहते: ‘ऑनबोर्ड क्रेडिट 150 डॉलर, प्रति केबिन.’ काहीतरी सूट असेल, असं म्हणून आपण पुढे जातो.

मला मात्र त्या अख्ख्या कागदात ही ओळच सगळ्यात नवलाची वाटते. कारण ही सूट नाहीच. तिकिटातून एक पैसाही कमी झालेला नसतो. हे वेगळे पैसे आहेत, आणि ते साऱ्या जगात एकाच जागी चालतात: तुमच्या त्या एका जहाजावर, तुमच्या त्या ठराविक तारखांना. बंदरात उतरून त्यांतून साधी पाण्याची बाटली घेता येत नाही. आणि बहुतेकदा, उतरायच्या दिवशी सकाळी ते उरतही नाहीत.

हे कसं चालतं ते समजून घ्यायला आधी जहाजावरचा व्यवहार पाहावा लागतो. क्रूझवर खिशातून नोटा काढायची वेळ जवळजवळ येतच नाही. चढताना हातात एक कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पैशाचं पाकीट. कॉफी घ्या, फोटो घ्या, मसाज करा, बंदरावरची सहल ठरवा. कार्ड दाखवायचं आणि पुढे जायचं. प्रत्येक केबिनच्या नावाने जहाजाच्या आत एक खातं उघडलेलं असतं आणि आपल्या वडिलांच्या पिढीला पाठ असलेली जमा-नावे पद्धत तिथे शब्दशः चालते. खर्च नावे पडतो. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे तुम्ही पाय ठेवायच्या आधीच जमेच्या बाजूला लिहिलेली रक्कम.

हा हिशेब घडतो कुठे, हेही पाहा. भर समुद्रात तुम्ही घेतलेली कॉफी त्या क्षणी मुंबईतल्या तुमच्या बँकेपर्यंत पोचायची गरज नसते. ती जहाजाच्याच संगणकातल्या खतावणीत उतरते. तुमच्या क्रेडिट कार्डावर अधूनमधून काही रक्कम अडवून ठेवली जाते आणि खरी वसुली शेवटी, जमा-नावे जुळवून, एकदाच होते. म्हणजे हजारो माणसांची वस्ती आठवडाभर आपापसातल्या विश्वासावर आणि एका वहीवर चालते. आणि जो खर्च क्रेडिटमध्ये जिरतो तो बँकेच्या दारात कधी जातच नाही, त्यामुळे परकीय चलनाच्या व्यवहारावर भारतीय बँका सहसा जे 2 ते 3.5 टक्के आकारतात तेही त्यावर लागत नाहीत.

पण कंपनी स्वतःहून पैसे देते कशासाठी? उत्तर तिच्या उत्पन्नाच्या हिशेबात आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशन ही जगातली सगळ्यात मोठी क्रूझ कंपनी. 2024 साली तिचं उत्पन्न सुमारे 25 अब्ज डॉलर होतं. त्यातले साधारण साडेसोळा अब्ज तिकिटांचे. उरलेले साडेआठ अब्ज, म्हणजे एकूण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा, मुख्यतः प्रवासी जहाजावर जे खर्च करतात त्यातून आलेले. भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी सुटायच्या त्या काळी कंपनीची खरी कमाई तिकिटाची होती. आजच्या क्रूझवर तिकीट हा व्यवहाराचा पहिला अंक आहे. तिकिटाचा दर उघडपणे पाडला तर आधी बुकिंग केलेला प्रवासी नाराज होतो आणि पुढच्या वर्षीचा दरही खाली ओढला जातो. त्यापेक्षा 150 डॉलर जहाजावर खर्चायला दिले तर ते पैसे घरातच राहतात. शिवाय रिकाम्या राहिलेल्या मसाजच्या टेबलाचा 150 डॉलर दर लावला, तरी कंपनीला पदरचे मोडावे लागतात ते त्याहून पुष्कळ कमी. देणाऱ्याला कमी पडतं आणि घेणाऱ्याला पूर्ण मिळतं, असा हा दुर्मीळ सौदा आहे. अट एकच: घेणाऱ्याला तो वापरता यायला हवा.

वापरता येण्याचा पहिला प्रश्न असा की क्रेडिट परत मिळणारं आहे की न मिळणारं. शाळेच्या आनंदमेळ्यात कुपनांचं पुस्तक घेतलं आणि संध्याकाळी तीन कुपनं हातात उरली, तर दुसऱ्या दिवशी त्यांचं काही येत नाही. कंपनीने जाहिरातीत किंवा एजंटाने खूश होऊन दिलेलं क्रेडिट बहुधा या जातीचं असतं. उरलं ते बुडालं. दुसरी जात असते तुमच्याच पैशांची. आधी पैसे भरलेली सहल कंपनीने रद्द केली तर ती रक्कम खात्यात जमा होते, आणि ती संपली नाही तर परत मिळते.

या दुसऱ्या जातीतला एक प्रकार फार सुंदर आहे. तिकिटात प्रत्येक बंदराचे कर आणि शुल्क धरलेलं असतं. समजा वारा उठला, लाटा वाढल्या आणि कप्तानाने एखादं बंदर टाळून जहाज पुढे नेलं. त्या बंदराला द्यायचे पैसे द्यावेच लागले नाहीत, म्हणून ते बरेचदा प्रवाशाच्या खात्यात उलटून जमा होतात. रात्री खातं पाहावं तर जमेत थोडे डॉलर वाढलेले. वादळाची नोंद हिशेबाच्या वहीत अशी उतरते, हे मला अद्भुत वाटतं.

आता खरा मुद्दा: हे पैसे घालावेत कुठे? इथे सगळी गंमत किमतीच्या वेळेत आहे. इंटरनेट, पेयांचं पॅकेज, खास रेस्टॉरंटमधलं जेवण या गोष्टी निघण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर घेतल्या तर बहुधा स्वस्त पडतात आणि जहाजावर महाग. पण क्रेडिट सहसा जहाजावर चढल्यावरच वापरता येतं. समजा इंटरनेट आधी 100 डॉलरला आणि जहाजावर 125 डॉलरला आहे. क्रेडिट आहे म्हणून थांबलात, तर त्यातले 25 डॉलर उगाच जास्तीच्या दरात गेले.

म्हणून अशी वस्तू शोधायची, जिचा भाव घरी आणि जहाजावर सारखाच राहतो आणि जी आपण सहसा टाळत नाही. अशी एक वस्तू बहुतेक मोठ्या अमेरिकन जहाजांवर असते: ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरवर्गाची टीप. ती माणशी, दररोज, आपोआप खात्यावर पडते. आकडा कंपनीगणिक बदलतो. हिशेबासाठी 18 डॉलर धरू. दोघांचे सात दिवस म्हणजे 18 गुणिले 2 गुणिले 7, एकूण 252 डॉलर. जमेला 150 आहेत. वजा जाता द्यायचे उरले 102. केबिन झाडणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या माणसांची टीप तर द्यायचीच होती. तीत अर्ध्याहून अधिक वाटा कंपनीने उचलला. शेवटच्या रात्री दुकानात धावत जाऊन नको असलेला परफ्यूम घ्यायची पाळी आली नाही.

यातच एक खाच आहे. ‘टीप आत्ताच भरून टाका, डोक्याला ताप नको,’ असं सांगणारे एजंट पुष्कळ आहेत आणि सल्ला चांगल्या मनानेच दिलेला असतो. पण टीप घरूनच भरली की क्रेडिटला नावे पडायला तो हक्काचा खर्चच राहत नाही. क्रेडिट हातात असेल तर टीप जहाजावरच भरावी, हे माझं स्पष्ट मत आहे. अर्थात तुमच्या कंपनीचं क्रेडिट टिपेला चालतं ना, हे आधी विचारून. बहुतेक ठिकाणी चालतं. कॅसिनोला मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि ते बरंच आहे.

टीप भागवूनही काही उरलं तर वेळापत्रक उपयोगी पडतं. जहाज बंदरात उभं असतं तेव्हा सगळे किनाऱ्यावर जातात, स्पा ओस पडतो आणि त्या दिवशी तिथे सवलती लागतात. उलट ड्यूटी-फ्री दुकानं आणि कॅसिनो बंदरात बंद असतात. कुठल्याही देशाचा सागरी प्रदेश किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. मुलुंडहून सीएसएमटीचं रेल्वेने अंतर सुमारे 31 किलोमीटर. म्हणजे आपण रोज ऑफिसला जाताना जेवढं जातो, त्याहून कमी अंतरावर एका देशाचा सागरी प्रदेश संपतो आणि जहाजावरच्या दुकानाची झडप उघडू शकते! दुकानात काही घ्यायचंच असेल, तर समुद्रात असलेला दिवस त्यासाठी राखून ठेवावा लागतो.

मुंबईला हे सगळं फार परकं राहिलेलं नाही. 2005 मध्ये स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’ इथे येऊन राहिलं. 2016 च्या डिसेंबरात कोस्टाच्या ‘निओक्लासिका’ने मुंबईहून मालदीवच्या फेऱ्या सुरू केल्या. 2019 मध्ये जलेशची ‘कर्णिका’ आली आणि पुढच्याच वर्षी, कोविडमध्ये, तिचा प्रवास संपला. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ निघालं. हे जहाज 1990 साली फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधलं गेलं, सुमारे 48 हजार टनांचं. कॅरिबियन समुद्रात त्याच डेकांवर डॉलरमध्ये सह्या होत होत्या. आज मुंबई–गोवा फेरीत तिथेच रुपयांत हिशेब होतो. जहाज तेच, लोखंड तेच, आतलं चलन मात्र प्रवाशांबरोबर बदललं. चलन जहाजाच्या जागेवर आणि गिऱ्हाइकावर ठरतं. एमएससीची जहाजं भूमध्य समुद्रात युरो घेतात आणि कॅरिबियनमध्ये डॉलर. त्यामुळे कोटेशनवर नुसता आकडा पाहू नये, त्याच्या पुढचं चिन्हही पाहावं.

बॅलार्ड पिअरचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल 2025 मध्ये सुरू झालं. मुलुंडहून फास्ट लोकलने सीएसएमटी, पुढे टॅक्सीने दहा मिनिटं, एवढ्यावर आता जहाजाची पायरी आहे. पावसाळ्यात मात्र ही किनारपट्टी क्रूझसाठी जवळजवळ बंदच असते. साधारण ऑक्टोबर ते मे हा आपला मोसम.

मराठी घरांतून क्रूझला जाणाऱ्यांचा आणखी एक मोठा वर्ग आहे: मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबा, ज्यांना सिएटल किंवा व्हँकुव्हरहून अलास्का दाखवलं जातं. तिथल्या मुलांना सांगण्यासारख्या दोन गोष्टी. एक, अनेक कंपन्यांत दुसऱ्याच्या केबिनच्या नावाने क्रेडिट भेट देता येतं. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला याहून नेमकी भेट सुचणं कठीण, कारण जहाजावर आई स्वतःसाठी पैसे खर्चणार नाही, पण आधीच जमा असलेले वाया जाऊ देणार नाही. दुसरी, कार्निव्हलचे 100 शेअर जवळ असलेल्यांना कंपनी गेली अनेक वर्षं सफरीच्या लांबीप्रमाणे 50, 100 किंवा 250 डॉलरचं क्रेडिट देत आली आहे. पण ते आपोआप येत नाही. अर्ज करावा लागतो.

मुलं बरोबर असतील तर एक काळजी घ्यावी. कुटुंबातली सगळी कार्डं एकाच खात्याला जोडलेली असतात, आणि व्हिडिओ गेमच्या दालनात ते कार्ड दहा वर्षांच्या हातातही तितक्याच तत्परतेने चालतं. पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून मुलांच्या कार्डावरचा खर्च बंद करता येतो किंवा मर्यादा घालता येते. आणि घरून निघतानाच बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नवीन कार्डं मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू असतात, त्यामुळे परदेशातल्या बंदरात चेक-इनच्या रांगेत कार्ड नाकारलं गेलं तर दोष कार्डाचा नसतो.

आता काउंटरच्या वेळेबद्दल. शेवटच्या रात्री सगळं जहाज आपापलं बिल घेऊन त्याच काउंटरवर उभं असतं. म्हणून एक रात्र आधीच खात्याचा तपशील पाहा, बहुतेक जहाजांवर तो फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर दिसतो. क्रेडिटची पूर्ण रक्कम जमेला आहे का, एखादा खर्च दोनदा पडलाय का, परत न मिळणाऱ्या जातीचं किती उरलंय. चूक असेल तर ती जहाजावर असतानाच दुरुस्त होते. घरी आल्यावर ईमेलांची साखळी सुरू होते.

आणि बुकिंगच्या वेळी एजंटाला एवढं लेखी विचारा: क्रेडिट किती आणि कोणत्या चलनात, माणशी की केबिनमागे, उरलेलं परत मिळतं का, आणि ते टिपेला चालतं का. ही उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाली तरी पुरेत, फक्त त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. समुद्रात गेल्यावर ते उघडायला नेट विकत घ्यावं लागू नये.