सूं, शिट्टी आणि नायक्विस्ट

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: त्यांच्या खंजिरी भजन मंडळाला मिक्सर घ्यायचा आहे. मंडळाने वर्गणी करून वीस-बावीस हजार जमवले. आजवर बिछायत केंद्रवाल्याकडून सगळं भाड्याने यायचं. आता स्वतःचं घ्यायचं, आणि कार्यक्रम नसेल तेव्हा त्यांचा कॉलेजातला मुलगा त्याच मिक्सरवर घरी गाणी रेकॉर्ड करणार. बर्डीवर चौकशी केली तर दोन मिक्सर समोर ठेवले गेले. एकाच्या माहितीपत्रकात नॉइजपुढे उणे १२८, दुसऱ्याच्या उणे १३४. दुसऱ्याची किंमत दीडपट. ‘सहा डेसिबल म्हणजे निम्मा नॉइज, साहेब,’ असं दुकानात सांगितलं गेलं. हे जास्तीचे पैसे मोजायचे का?

मोजू नका. पण का मोजू नका, याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गायकाच्या साध्या डायनॅमिक माईकमधून, तोंड जवळ असेल तर, जेमतेम दोन मिलिव्होल्ट बाहेर पडतात. पुढच्या यंत्रांना लागतो व्होल्ट-सव्वा व्होल्ट. म्हणजे मिक्सरच्या पहिल्याच टप्प्याला हा इवलासा दाब सहाशे-साडेसहाशे पट वाढवावा लागतो, आणि त्याच्याबरोबर तिथली ‘सूं’देखील तितकीच वाढते. ही सूं येते कुठून? १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन नावाचा स्वीडनमध्ये जन्मलेला माणूस हेच शोधत होता. अँप्लिफायरमधला व्हॉल्व्ह कितीही चांगला घ्या, सूं काही एका पातळीखाली जाईना. त्याच्या लक्षात आलं की दोष व्हॉल्व्हचा नाहीच, सूं त्याच्या तोंडाशी जोडलेल्या रोधातून येते आहे. मग त्याने रोध बदलून पाहिले. कार्बन लावला, धातूची तार लावली, काचेच्या बारीक नळीत मिठाचं पाणी भरून लावलं, मोरचुदाचं पाणीसुद्धा लावलं. पदार्थ कोणताही असो, सूं ठरते ती फक्त रोध किती आणि तापमान किती यांवरून. आतले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत धडपडत असतात, त्या धडपडीचाच हा आवाज.

जॉन्सनने हे आपल्या सहकाऱ्याला सांगितलं. तोही मूळचा स्वीडनचाच, हॅरी नायक्विस्ट. त्याने दोन रोध एका लांब तारेने जोडल्याची कल्पना केली आणि उष्मागतिकीचे नियम लावून कागदावर सूत्र काढून दाखवलं. दोघांचे निबंध जुलै १९२८ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त एकापाठोपाठ छापून आले. जॉन्सनने तर नुसती ही सूं मोजून बोल्ट्झमनचा स्थिरांक काढला, आणि तो खऱ्या किमतीच्या आठ टक्क्यांच्या आत आला! अँप्लिफायरच्या खरखरीतून निसर्गाचा मूलभूत स्थिरांक हाती लागावा, हे मला आजही जादूसारखं वाटतं.

तेच सूत्र आपल्या माईकला लावू. १५० ओहमचा रोध, २० किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा, २७ अंश सेल्सिअस: उत्तर येतं साधारण ०.२२ मायक्रोव्होल्ट, म्हणजेच उणे १३१ डेसिबल. ही निसर्गाने आखलेली तळरेषा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला तर? पाव डेसिबल वाढेल. आपल्या उन्हाला इथे कोणी विचारत नाही.

आता दुकानातले आकडे पुन्हा बघा. उणे १२८ वाला स्वस्त मिक्सर तळरेषेपासून फक्त तीन डेसिबलवर आहे. आणि उणे १३४? ते तळरेषेच्याही खाली कसं गेलं? माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुधा लिहिलेलं असेल, ‘० ओहम’. म्हणजे माईकच्या जागी दोन टोकं एकमेकांना जोडून मोजमाप घेतलं. रोधच नाही, मग त्याची सूं कुठली? आकडा खोटा नाही, पण शून्य ओहमचा माईक बाजारात मिळत नाही. दोन्ही मिक्सर १५० ओहमवर मोजले तर फरक डेसिबल-दीड डेसिबलचा निघण्याचीच शक्यता जास्त. खात्री करायची असेल तर एक्सएलआर पिनमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या टोकाला दीडशे ओहमचा रेझिस्टर डाखून घ्या, खर्च पिनेचाच काय तो. दुकानात ती पिन लावा, गेन सारखा ठेवा आणि हेडफोनवर दोन्ही ऐका.

मुलाच्या घरच्या रेकॉर्डिंगला तरी त्या डेसिबल-दीड डेसिबलचा फायदा होईल ना? साध्या माईकला धरून हिशेब केला तर स्वस्त मिक्सरची सूं म्हणजे माईकसमोर १९-२० डेसिबलचा आवाज असल्यासारखं. आपल्याकडे घरोघरी एप्रिल ते जून कूलर चालतो. पंखा, पाण्याचा पंप आणि पत्र्याची थरथर मिळून तो सहज ५५ डेसिबलच्या पलीकडे जातो. शक्तीच्या हिशेबात ही तफावत काही हजार पटींची आहे. शेजारच्या खोलीतला कूलर बंद करून जे मिळतं ते दीडपट किमतीचा मिक्सर देणार नाही. (पहाटे पाचला रेकॉर्डिंग करावं. वीज गेली तर उत्तमच.)

मग पैसे मोजायचे कशाला? पहिल्यांदा माईकच्या जागांना. खोक्यावरच्या चॅनेलच्या आकड्यावर जाऊ नका. यामाहाच्या एमजी मालिकेत १० आकड्याच्या मिक्सरला माईकच्या जागा ४, १२ वाल्याला ६ आणि १६ वाल्याला १० आहेत. कंपनी हे लपवत नाही, लिहिते. पण स्टिरिओ जोडीचे दोन-दोन चॅनेल धरून मोठा आकडा होतो आणि दुकानात तोच बोलला जातो. ज्यांना नव्वदच्या दशकातले ‘१००० वॅट पीएमपीओ’वाले टेपरेकॉर्डर आठवतात, त्यांना हा प्रकार नवा नाही. मंडळाचा हिशेब साधा: मुख्य गायक, दोन माईक कोरसला, पेटी, तबला, डग्गा, खंजिरी. झाले सात. तबला-डग्ग्याला मिळून एक माईक ठेवला तर सहा. चारच्या मिक्सरवर ९९ इफेक्ट असले तरी पाचवा माईक कुठे लावणार?

दुसरी गोष्ट ४८ व्होल्ट. कंडेन्सर माईकला मिक्सरकडून वीज लागते, ती माईकच्याच तारेतून जाते; तिला म्हणतात फँटम. पण ४८ हाच आकडा का? १९६६ मध्ये जर्मनीची नॉयमन कंपनी नॉर्वेच्या रेडिओसाठी ट्रान्झिस्टरचे माईक बनवत होती. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, म्हणून तीच वापरली. पुढे ते जगाचं प्रमाण झालं. ऑस्लोतल्या दिव्यांनी मानेवाड्याच्या मिक्सरवरचं बटण ठरवलं! फार स्वस्तातल्या काही छोट्या मिक्सरांवर फँटम असतो, पण १५ व्होल्टचाच. काही माईक त्यावर चालतात, काही मान टाकतात. तेव्हा ४८ हा आकडा छापलेला पाहूनच घ्या.

आता शिट्टी. इथे मला थोडं रमायचं आहे, कारण मंडळांना खरा छळणारा प्रश्न हाच.

माईकमध्ये गेलेला आवाज भोंग्यातून बाहेर येतो, त्यातला थोडा पुन्हा माईकमध्ये शिरतो. सावकारीच्या भाषेत सांगायचं तर रुपया बाहेर गेला आणि फेरी मारून परत आला. ९० पैसे होऊन आला तर पुढच्या फेरीला ८१, मग ७३, करत करत संपतो. आवाज जरा घुमल्यासारखा वाटतो, इतकंच. पण एक रुपया दहा पैसे होऊन परतला तर? भोंगा माईकपासून साडेतीन मीटरवर असेल तर ध्वनीला एका फेरीला साधारण सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणजे सेकंदात शंभर फेऱ्या. दर फेरीला दहा टक्के, चक्रवाढीने. एका सेकंदाने त्या रुपयाचे तेरा हजारांवर होतात. म्हणून शिट्टी हळूहळू येत नाही, अंगावर येते. नव्वद पैसे आणि एकशे दहा पैसे यांच्यात नॉबचं अंतर असतं जेमतेम पावणेदोन डेसिबलचं. जाणते साउंडवाले म्हणूनच पन्नास पैशांवर थांबतात, सहा डेसिबल हाताशी राखून.

फेरी मारून आलेला रुपया नेमका केव्हा उसळतो, याचं पक्कं गणित १९३२ मध्ये ज्याने मांडलं तो पुन्हा नायक्विस्टच. त्याला भजनाची नाही, टेलिफोनच्या तारांची काळजी होती. हॅरल्ड ब्लॅक या त्याच्याच कंपनीतल्या इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीत उलट्या फीडबॅकची, म्हणजे अँप्लिफायरमधून बाहेर पडलेलं थोडं उलटवून परत आत सोडण्याची, कल्पना सुचली आणि त्याने ती हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर खरडली. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. बोटीची गोष्ट नाट्यमय, म्हणून ती पुस्तकापुस्तकांतून येते. पण हे अँप्लिफायर कधी गुणाने वागतील आणि कधी किंचाळतील, हे सांगणारा नायक्विस्टचा निबंध मात्र वर्गात एका आकृतीपुरता उरला. मला हा अन्याय वाटतो.

या गणितातून मंडळापुरत्या गोष्टी निघतात त्या अशा. चालू माईक दुप्पट केले की शिट्टीच्या अलीकडची जागा तीन डेसिबलने घटते. कोरस गप्प असेल तेव्हा त्याचे माईक बंद ठेवा. माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात. वीतभर लांबून पाच सेंटिमीटरवर आलात तर बारा. एका साउंडवाल्या दादांचं ऐकलेलं वाक्य इथे चपखल बसतं: ‘मशीनले काऊन बोलता भाऊ, माईक तोंडाजवळ घ्या ना.’ आणि गमतीचा भाग असा की थंडीतल्या १२ अंशांच्या रात्री आणि ४५ अंशांच्या दुपारी ध्वनीच्या वेगात साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो. बाकी सगळं तेच ठेवलं तर शिट्टीचा सूर उन्हाळ्यात जवळजवळ सा वरून कोमल रे वर चढेल. म्हणजे शिट्टी दाबायला जानेवारीत जिथे नॉब लावून ठेवला, तिथे तो मेमध्ये कामाचा नाही.

म्हणून मिक्सर घेताना ‘मिड’ला दोन नॉब आहेत का पाहा: एक किती कमी करायचं त्याचा, दुसरा कुठे कमी करायचं त्याचा. स्वस्त मिक्सरवर मिड एकाच जागी, बहुधा अडीच हजार हर्ट्झला, खिळलेला असतो. शिट्टी आठशेवर असली तर तो नुसता फिरवत बसा. दीडपट किंमत द्यायचीच असेल तर ती या जादा नॉबसाठी द्या.

प्रत्येक चॅनेलला ‘लो कट’चं बटणही हवं. ८० ते १०० हर्ट्झखालचं ते कापतं: स्टँडला लागलेला पाय, वारा, मंडपाची धडधड. गायकाच्या आणि पेटीच्या माईकवर ते दाबूनच ठेवा. डग्ग्याच्या माईकवर मात्र नको, त्याचा घुमारा तिथेच राहतो. तबल्याचं निघालंच आहे तर सांगतो. शाईमुळे तबल्या-मृदंगाचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, इतर चर्मवाद्यांसारखे विस्कळीत राहत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं. आणि हे रामन १९१० मध्ये अर्थखात्याच्या नोकरीत बदली होऊन आपल्या नागपुरातच राहत होते. शहरात त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे, तिथे एक तबला ठेवायला काय हरकत आहे?

खंजिरीचं वेगळं. तिची थाप क्षणभराची, पण टोकदार. गेन ‘हॅलो हॅलो’वर नाही, वाजवणाऱ्याला सगळ्यात जोरकस थाप मारायला सांगून लावा, आणि लाल दिवा लागला की तिथून मागे या.

राहता राहिला मुलगा. मिक्सरला यूएसबी असली म्हणजे प्रत्येक माईक वेगळा रेकॉर्ड होतो, असा त्याचा समज असेल तर तो आत्ताच दूर करा. परवडणाऱ्या बहुतेक मिक्सरांतून कॉम्प्युटरला दोनच चॅनेल जातात, सगळं कालवलेलं. नंतर तबला कमी करतो म्हटलं तर होत नाही. वेगवेगळे ट्रॅक हवे असतील तर दोन माईकचा साधा ऑडिओ इंटरफेस घ्यावा आणि एकेक वाद्य पाठोपाठ भरावं. मंडळाच्या वर्गणीत दोन्ही बसणार नाहीत. मग इंटरफेस वडिलांनी घेऊन द्यावा.

खोक्यावरच्या ‘१९२ किलोहर्ट्झ’लाही भुलू नये. सेकंदाला किती नमुने घेतले म्हणजे लहर पुरी पकडली जाते, याचा पाया ज्या १९२८ च्या निबंधात आहे तो कोणाचा असेल? तिसऱ्यांदा तोच माणूस. कानाला ऐकू येतं ते फार तर २० किलोहर्ट्झ, त्याच्या दुपटीहून थोडं जास्त पुरे. बेल प्रयोगशाळेत सर्वाधिक पेटंट घेणाऱ्यांमध्ये समान काय, याचा तिथल्या पेटंट वकिलांनी एकदा छडा लावला म्हणतात. निघालं ते एवढंच, की यातले बरेच जण नायक्विस्टबरोबर जेवायला बसत. तो त्यांना प्रश्न विचारायचा.

तेव्हा रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवावं आणि सगळ्यात मोठ्या तानेलाही मीटर उणे १२ च्या वर जाऊ देऊ नये. १९२ वर तासभराचं स्टिरिओ भजन चार जीबी जागा खातं, ४८ वर एक जीबी.