मागे बसलेल्यांची मैफल

माझे मामू कव्वालीच्या पार्टीत ढोलक वाजवायचे. मिरजेपासून विजापूरपर्यंत जिथं उरूस असेल तिथं त्यांची पार्टी जायची. पोस्टरवर कव्वालाचं नाव वीतभर अक्षरांत आणि त्याखाली बारीक टायपात 'और हमनवा' एवढे दोन शब्द. हमनवा म्हणजे सुरात सूर मिळवणारे. मामू, हार्मोनियमवाले, मागे बसून टाळ्या देणारे पाच-सहाजण, सगळे त्या दोन शब्दांत मावायचे. लहानपणी मी एकदा विचारलं, "मामू, तुमचं नाव कुठंय यात?" त्यांनी त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "ये क्या, मैंच है ना ये!"

आज बोलायचं आहे ते रॉक संगीताच्या मैफलींबद्दल, आणि मामूंची आठवण त्यात उगीच आलेली नाही. मराठी कवी आणि रॉकचं वेड, ही जोडी काहींना विजोड वाटते. वाटो. कॉलेजच्या वसतिगृहात एका मित्रानं मला एक कॅसेट दिली होती. कॉपीवरून केलेली कॉपी. वर बॉलपेननं गाण्यांची नावं लिहिलेली, वाजवणाऱ्यांची नाहीत. कोण वाजवतंय हे ठाऊक नसताना मी ती वर्षभर ऐकली. पुढं कुणाच्या तरी चांगल्या डेकवर तीच कॅसेट लावली, तेव्हा खालून एक वेगळाच सूर चालत आला. तो आधीपासून तिथं होताच. माझ्या डबड्या टेपरेकॉर्डरला तो काढता येत नव्हता.

तो सूर बास गिटारचा. साध्या गिटारच्या एक सप्तक खाली लावलेली, चार जाड तारांची ही गिटार. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१च्या आसपास कंपनं देते. हातभर रेडिओच्या छोट्या स्पीकरला एवढा खर्ज पेलत नाही, म्हणून घरोघरी ऐकू आला तो गायक आणि पुढचा गिटारवाला. ड्रम आणि बास मिळून गाण्याची जमीन तयार करतात. स्टुडिओत चुकलं तर पुन्हा वाजवता येतं. मैफलीत गिटारवाला दहा मिनिटं कुठंही भटकला तरी त्याला घरी आणायचं काम या मागच्यांचं असतं. म्हणून रॉकचा खरा कस मैफलीत लागतो असं मला वाटतं, आणि त्यातही मागच्यांचा जास्त.

ती कॅसेट होती ऑलमन ब्रदर्स बँडची, 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट'. न्यूयॉर्कमधल्या फिलमोर ईस्ट या थिएटरात मार्च १९७१ मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. हा बँड अमेरिकेच्या दक्षिणेतला, जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावात मुक्काम असलेला. ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोन गिटारवाले, ड्युएनचा धाकटा भाऊ ग्रेग ऑर्गनवर आणि गायला, ड्रमवाले चक्क दोन. बुच ट्रक्स गाडी सरळ रेटणारा आणि जेमो जाझच्या वळणाचा. जेमो कृष्णवर्णीय, बाकीचे गोरे. दक्षिणेत त्या काळी एवढं एकत्र राहणं, खाणं, प्रवास करणं हीसुद्धा साधी गोष्ट नव्हती.

बासवर बेरी ओकली. 'व्हिपिंग पोस्ट' हे या मैफलीतलं गाणं तेवीस मिनिटांचं आहे. सुरू होण्याआधी ड्युएन श्रोत्यांना सांगतो, सुरुवात बेरी करणार. आणि अंधारातून एकटा बास येतो. मोजून पाहा: तीन, तीन, तीन, दोन. अकरा मात्रा! आपल्याकडे रुद्र तालाच्या अकरा मात्रा आहेत, पण चार-चारच्या चालीवर पोसलेल्या रॉकमध्ये हे आवर्तन म्हणजे पायरी चुकल्यासारखं. शेवटच्या दोन मात्रांशी आपला पाय दरवेळी हवेत राहतो. गंमत म्हणजे हे गाणं लिहिणाऱ्या ग्रेगला आपण अकरात लिहिलंय हे माहीत नव्हतं. ते त्याला ड्युएननं सांगितलं. ओकली मात्र त्या अकरा मात्रांवर असा उभा राहतो, जणू दुसरी कुठली चाल जगात नाहीच.

या अल्बमच्या मुखपृष्ठावर बँड आपल्या सामानाच्या पेट्यांपाशी, विटांच्या भिंतीसमोर बसलेला आहे. मलपृष्ठावर? तीच भिंत, त्याच पेट्या, आणि सामान उचलणारे, तारा जोडणारे कामगार हातात बिअर घेऊन. त्यांच्यातला एकजण तेव्हा तुरुंगात होता, तर त्याचंही छायाचित्र मागच्या भिंतीवर बसवून दिलं. हे मलपृष्ठ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ अल्बम हातातून खाली ठेवला नाही.

अल्बम जुलै १९७१ मध्ये आला. २९ ऑक्टोबरला मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्युएन गेला. वर्षभरानं, ११ नोव्हेंबर १९७२ला, तिथून जवळच बेरी ओकलीही मोटारसायकलवरच गेला. दोघांचंही वय चोवीस. दोघांना मेकनच्या रोझ हिल दफनभूमीत शेजारी शेजारी ठेवलंय. एकाचं नाव जगभर झालं. दुसऱ्याचं अजून सांगावं लागतं.

ड्युएन काचेची बाटली बोटात घालून गिटारच्या तारांवरून फिरवायचा. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरवतात तसं. सूर तुटत नाही, मींडेत वाहतो. हे त्याला कुठून सुचलं? ग्रेगनं सांगितलेली हकीकत अशी: १९६८ मध्ये ड्युएनच्या बाविसाव्या वाढदिवसाला तो सर्दीनं हैराण होता. ग्रेगनं दोन भेटी आणल्या. सर्दीच्या गोळ्यांची बाटली आणि ताज महाल नावाच्या अमेरिकन ब्लूज गायकाची रेकॉर्ड. ड्युएननं रेकॉर्ड ऐकली, गोळ्या ओतून टाकल्या, बाटली धुतली आणि बोटात घातली. त्या रेकॉर्डवर बोटातली नळी फिरवत गिटार वाजवणारा होता जेसी एड डेव्हिस.

डेव्हिस ओक्लाहोमाचा, कायोवा आणि कोमांची या अमेरिकेच्या मूळ जमातींतला. त्याला मी पहिल्यांदा पाहिलं 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'च्या चित्रपटात, म्हणजे पाहिलं आणि लक्षातही आलं नाही. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एका दिवसात दोन खेळ. रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनकडे शब्द टाकला होता. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, आणि रविशंकरांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ हे मूळचे त्याच मुलखातले. हॅरिसननं मित्र गोळा केले: बॉब डिलन, रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन. पैकी क्लॅप्टन त्या दिवसांत व्यसनानं इतका खचला होता की तो उभा राहील की नाही याची खात्री नव्हती. म्हणून डेव्हिसला तयार ठेवलं. ऐनवेळी क्लॅप्टन आला. तरी डेव्हिस गेला नाही, मागे उभा राहून वाजवत राहिला. कॅमेरा क्लॅप्टन आणि हॅरिसनवर, स्वाभाविक आहे. पण गिटारचा आवाज तिथं भरगच्च लागतो, त्यात ह्या तिसऱ्या माणसाचा वाटा आहे. पुढच्याच वर्षी जॅक्सन ब्राउनच्या 'डॉक्टर माय आइज'मध्ये त्यानं वाजवलेला गिटारचा तुकडा अमेरिकेतल्या रेडिओंवर सतत वाजत होता. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना वाजवणाऱ्याचं नाव माहीत असेल? १९८८ मध्ये तो गेला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

त्याच मैफलीचा पहिला भाग आपला. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती, तबल्यावर उस्ताद अल्लारखा. वाद्यं जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हा किस्सा सगळे हसत सांगतात. त्यापुढचं कुणी सांगत नाही. ज्या श्रोत्यांना जुळवणं आणि वाजवणं यातला फरक कळत नव्हता, तेच शेवटच्या द्रुत लयीत भारावून गेले. कशानं? राग त्यांना कळत नव्हता. लय कळत होती, आणि ती अल्लारखांच्या हातात होती. हे अल्लारखा १९४०च्या सुमारास मुंबई रेडिओवर नोकरीला होते, ए. आर. कुरेशी या नावानं त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिलं, आणि २००० साली मुंबईतच त्यांचं निधन झालं. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा ड्रमवाला मिकी हार्ट त्यांना गुरुस्थानी मानायचा. त्या दोन खेळांच्या तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफकडे गेले.

तिसरी मैफल बेलफास्टची. आयरिश गिटारवादक रोरी गॅलहर हा काही मागे उभा राहणारा नव्हे, पुढचाच. तरी त्याचं नाव जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. १९७५ मध्ये रोलिंग स्टोन्सना गिटारवाला हवा होता तेव्हा त्यांनी त्याला रॉटरडॅमला बोलावून सोबत वाजवून पाहिलं. आणि हा गडी आपला ठरलेला जपान दौरा गाठायला निघून गेला. अंगात चौकड्यांचा शर्ट, हातात रंग उडून लाकूड दिसणारी एकच गिटार. ती त्यानं १९६३ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, कॉर्कच्या दुकानातून शंभरेक पौंडांना हप्त्यानं घेतली होती. १९७४च्या जानेवारीत त्यानं बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथं कार्यक्रम केले. 'आयरिश टूर '७४' हा अल्बम त्यांतूनच झाला. बेलफास्टमध्ये तेव्हा बाँब फुटत होते, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधून ये-जा अवघड होती, बाहेरचे बँड तिकडे फिरकत नव्हते. हा दरवर्षी जायचा. अल्स्टर हॉलमध्ये दोन्हीकडची पोरं एका छताखाली बसायची. दंगलीनंतर गल्लीतलं पहिलं दुकान उघडणाऱ्याला काय लागतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. त्याच्या शेजारी बासवर जेरी मॅकअ‍ॅव्हॉय होता, बेलफास्टचाच मुलगा. त्यानं रोरीला वीसेक वर्षं साथ केली. रोरी १९९५ मध्ये गेला. त्याची ती गिटार २०२४ मध्ये लंडनला लिलावात आठ लाखांहून जास्त पौंडांना गेली आणि ज्यांनी घेतली त्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली.

आता शेवटची, 'द हू'ची. १४ फेब्रुवारी १९७०, लीड्स विद्यापीठाचं भोजनगृह. गायक रॉजर डाल्ट्री माइक गोफणीसारखा फिरवतोय, पीट टाउनशेंडचा हात पवनचक्कीसारखा गिटारवर पडतोय, किथ मून ड्रमवर तुटून पडलाय. या तिघांच्या बाजूला जॉन एंटविसल पुतळ्यासारखा उभा. हलतात फक्त बोटं. मून सरळ ठेका धरत नाही, टाउनशेंड गिटारचे एकगठ्ठा सूर झोडतो, तेव्हा गाण्याची वाट दाखवायचं काम बासकडे येतं. 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' ऐकताना एकदा फक्त एंटविसल ऐका, पुढचा गिटारवाला तोच वाटेल.

दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, याच बँडनं हल शहरात कार्यक्रम केला. तो अधिक रंगला असं त्यांच्यापैकी काहींचं मत होतं. पण अल्बम निघाला लीड्सचा. कारण, अशा ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य टेपच्या वेगळ्या पट्टीवर घेतात, आणि हलच्या टेपवर पहिल्या काही गाण्यांत बासची पट्टी कोरी निघाली. गायक होता, गिटार होती, ड्रम होते, आणि तरी टेप चाळीस वर्षं कपाटात पडून राहिली.

२०१० मध्ये ती बाहेर काढली. एंटविसल २००२ मध्येच वारला होता. मग ध्वनिमुद्रकांनी त्यानं आदल्या रात्री लीड्सला वाजवलेला बास घेतला आणि हलच्या त्या गाण्यांखाली ठेवला. संगणकावर थोडी कातर-जोड करावी लागली, पण जुळला.