न कापता कापलेला आवाज

प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यातला एखादा शब्द कापून उडवला, तरी डिस्कवरच्या मूळ फाइलला सहसा ओरखडाही उठत नाही. पडद्यावर दिसणारा नागमोडी पट्टा म्हणजे आवाज नव्हेच. तो नुसता हुकूम असतो: अमुक फाइल, या क्षणापासून त्या क्षणापर्यंत वाजव. कापणं, सरकवणं, जोडणं म्हणजे या हुकमातले आकडे बदलणं. स्टुडिओत काम करू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे.

टेपच्या काळात कापणं हे खरंखुरं कापणं होतं. फीत सेकंदाला १५ किंवा ३० इंच वेगाने धावायची. रीळ हाताने मागेपुढे फिरवत शब्दाची सुरुवात कानाने हेरायची, फितीच्या पाठीवर पेन्सिलीने खूण करायची, खाचेत बसवून ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टीने जोडायचं. १५ इंचांच्या वेगाला अर्धा इंच चुकलं, तर सेकंदाचा तिसावा हिस्सा गेला. एवढ्यात व्यंजन सहज गळतं.

हे ब्लेड बाजूला ठेवणारी मंडळी आली ढोलाच्या वाटेने. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत शिकलेले पीटर गोचर आणि इव्हान ब्रुक्स सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक ड्रम मशीनसाठी नव्या आवाजांच्या चिप बनवून विकत. त्यातून डिजिडिझाइन कंपनी उभी राहिली. १९८९ मध्ये तिचं दोन ट्रॅकचं साउंड टूल्स आलं आणि १९९१ मध्ये चार ट्रॅकचं प्रो टूल्स. किंमत सुमारे सहा हजार डॉलर! १९९५ मध्ये अ‍ॅव्हिड या दुसऱ्या कंपनीने डिजिडिझाइन विकत घेतली. १९९९ मध्ये रिकी मार्टिनचं ‘लिव्हिन ला व्हिडा लोका’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. ध्वनिमुद्रणापासून मिक्सिंगपर्यंत सगळं प्रो टूल्समध्ये झालेलं, तिथवर गेलेलं ते पहिलं गाणं मानलं जातं.

या सॉफ्टवेअरची खरी जादू बघायची तर गायकाचे टेक जोडताना बघावी. मुखडा पाच-सहा वेळा गाऊन घेतात. प्रत्येक टेक त्याच ट्रॅकखाली वेगळ्या प्लेलिस्टमध्ये राहतो आणि त्यांतून ओळ ओळ, प्रसंगी अक्षर अक्षर निवडून एक गायन तयार होतं. सांधा कुठे घालायचा हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. ‘त’, ‘क’, ‘प’ उच्चारण्याआधी तोंड क्षणभर हवा अडवतं आणि तेवढा वेळ जवळजवळ शांतता असते. तिथे छेद दिला, तर कानाला पत्ता लागत नाही. लांबवलेल्या ‘आ’काराच्या मध्यावर जोडायची वेळ आली, तर दोन्ही टोकं काही मिलिसेकंद एकमेकांत विरघळवावी लागतात, आणि दोन टेकमधला सूर किंवा श्वासाचा जोर वेगळा असेल तर तरीही फसवणूक उघडी पडते. म्हणून मराठीतले उच्चार नीट ऐकणाऱ्याला इथे फायदा आहे, असं माझं मत.

आता नवख्यांच्या दोन ठरलेल्या फजित्या. पहिली शफल मोडची. त्यात मधला तुकडा काढला की पुढचे सगळे तुकडे सरकून मोकळी जागा भरतात. मुलाखतीतला खोकला काढायला हे वरदान. गाण्यात मात्र त्या ट्रॅकचा पुढचा सगळा भाग तालातून सुटतो. दुसरी अधिक महागाची: सेशनची फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या स्टुडिओत जाणं. तिच्यात फक्त हुकूम असतात, आवाज ‘ऑडिओ फाइल्स’च्या फोल्डरमध्ये मागेच राहिलेला असतो. तिथे पोचल्यावर ट्रॅक मुके! म्हणून ‘सेव्ह कॉपी इन’ वापरून, सर्व ऑडिओसकट प्रत काढायची.

हेडफोनमधल्या विलंबाचं गणितही यायला हवं. सिनेमाच्या कामात आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतात. कॉम्प्युटर हे नमुने गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा असेल, तर उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास. १०२४ चा असेल, तर एकवीस. हा एका बाजूचा हिशोब, जाऊन-येऊन तो वाढतो. गायकाला स्वतःचाच आवाज मागून आला तर तो लयीत अडखळतो. म्हणून गाताना बफर लहान ठेवायचा आणि मिक्सिंगला, कॉम्प्युटरवर ताण वाढतो तेव्हा, मोठा करायचा.

रीतसर शिकायचं असेल, तर पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातल्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी तिथलेच. पण पदविका असो वा नसो, स्टुडिओत पहिली नेमणूक बहुधा असिस्टंटचीच असते. वायरी गुंडाळणं, माइक लावणं, ट्रॅकना नावं देणं, रोजचा बॅकअप. ‘ऑडिओ १७’ अशा नावांचे तीस ट्रॅक दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याला पुन्हा बोलावणं येणं कठीण.

घरी सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. प्रो टूल्स इंट्रो ही आवृत्ती मोफत आहे आणि तिच्यात आठ ऑडिओ ट्रॅक मिळतात. पहिले काही महिने तेवढे पुरेत. वाचलेल्या पैशांतून आधी कान झाकणारे बंदिस्त हेडफोन घ्या. उघड्या हेडफोनमधला ताल माइकमध्ये शिरतो आणि नंतर तो कशानेही पूर्णपणे निघत नाही.