नदीच्या वळणाने ठरवलेले जहाज

जुलै 2022 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या स्टर्जन बे इथे बांधलेले ‘मार्क डब्ल्यू. बार्कर’ हे मालवाहू मोटरजहाज पंचमहासरोवरांच्या वाहतुकीत दाखल झाले. या सरोवरांच्या काठी अमेरिकी ध्वजाचे मोठे मालवाहू जहाज बांधले गेले ते 1983 नंतर प्रथमच. लांबी 639 फूट, क्षमता सुमारे 26 हजार टन. पण याच पाण्यावर हजार फुटी जहाजे गेली पन्नास वर्षे लोहखनिज वाहत आहेत आणि एका खेपेत याच्या दुपटीहून अधिक माल नेत आहेत. मग एवढ्या वर्षांनी बांधलेले जहाज धाकटे का? कारण क्लीव्हलंडच्या कायाहोगा नदीत आहे. पोलाद कारखान्याकडे जाताना ही अरुंद नदी पुलांखालून इतकी वळणे घेते की हजार फुटी जहाज तिच्यात शिरूच शकत नाही. बार्करच्या नाळेजवळ आणि मागच्या बाजूला आडवे पंखे आहेत. ते जहाजाला जागच्या जागी बाजूला ढकलतात. पोटातला माल पट्ट्यावरून वर येतो आणि डेकवरच्या लांब बाहूतून थेट किनाऱ्यावर पडतो. धक्क्यावर क्रेन लागत नाही.

लहान जहाजात टनामागे खर्च जास्त पडतो, हा आक्षेप खरा आहे. मोठे जहाज जिथे पोहोचते तिथे तेच वापरावे. पण जिथे ते पोहोचत नाही, तिथे माल दुसऱ्यांदा उतरवून चढवण्यात ती बचत संपते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 2022 मध्येही डिझेल कशाला? गोड्या पाण्यात सांगाडा गंजतो कमी, जहाजे सत्तर-सत्तर वर्षे चालतात, म्हणजे आजची चूक नातवंडांच्या काळापर्यंत टिकणार. मात्र इंजिन बदलता येते. बार्कर ज्या कंपनीचे आहे तिच्याच 1959 सालच्या ‘हर्बर्ट सी. जॅक्सन’चे वाफेचे यंत्र 2016 मध्ये काढून डिझेल बसवले गेले. उद्या डिझेलही तसेच निघेल. सांगाड्याचे माप बदलणे मात्र फार अवघड, म्हणून खरा निर्णय मापाचा होता आणि तो बरोबर घेतला गेला.

गोव्यात मांडवी-जुवारीतून मुरगावला खनिज नेणाऱ्या बार्जही नदीच्याच मापाच्या आहेत. 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांच्यासाठी जहाजे मागवण्याआधी नदीची वळणे, पुलांची उंची आणि मे महिन्यातले पाणी मोजून घ्यावे.