नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रामीण मुलींचे आठवीनंतरचे शिक्षण आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्य

प्रस्तावना

मुलींच्या शिक्षणासाठी कार्य करणाऱ्या 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेस २०२५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला. हा पुरस्कार मिळविणारी ती पहिली भारतीय संस्था होय. सफीना हुसेन यांनी २००७ साली राजस्थानात सुरू केलेले हे कार्य पुढे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश व बिहार या राज्यांत विस्तारले. गावातीलच शिकलेल्या तरुण-तरुणींनी घरोघर जाऊन शाळाबाह्य मुलींचा शोध घ्यावयाचा, पालकांशी बोलावयाचे, मुलीचे नाव शाळेत घालावयाचे आणि ती तेथे टिकते की नाही हे पाहावयाचे, अशी तिची कार्यपद्धती आहे. अशा स्वरूपाचे कार्य मराठवाड्यात उभे करावयाचे झाल्यास ते कोठून सुरू व्हावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे.

पटावरील नाव

या संस्थेच्या कार्यातील भिलवाडा जिल्ह्याचा प्रयोग (२०१५ ते २०१८) विशेष अभ्यसनीय आहे. गुंतवणूकदाराने आधी पैसा द्यावयाचा आणि ठरलेली फलनिष्पत्ती त्रयस्थ मूल्यमापनातून सिद्ध झाल्यावरच त्यास परतावा मिळावयाचा, असा तो करार होता. शोधलेल्या शाळाबाह्य मुलींपैकी ९२ टक्के मुलींची नावे शाळेत दाखल झाली. अध्ययनातील प्रगती ठरविलेल्या उद्दिष्टाच्या १६० टक्के भरली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, परताव्याचा ८० टक्के भाग अध्ययनावर व केवळ २० टक्के भाग नावनोंदणीवर अवलंबून होता.

नांदेड-लातूरमध्ये नावनोंदणी हा निकष तर आणखीच अपुरा ठरेल. पहिलीत नावच घातले नाही अशी मुलगी आज या जिल्ह्यांत क्वचितच आढळते. तथापि पटावर नाव असणे आणि वर्गात मुलगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याची मर्यादा ६ ते १४ वर्षे हीच आहे. आठवी संपली की कायद्याचे संरक्षण संपते, आणि नेमक्या त्याच वयात घरात मुलीच्या लग्नाचा विषय निघू लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. परभणी व बीड या लगतच्या जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते.

यास ऐतिहासिक पार्श्वभूमीही आहे. फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला तो १९४८ साली. मधल्या शंभर वर्षांचे अंतर एका पिढीत भरून निघणे शक्य नव्हते. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये स्थापन झाले. पुढे 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला. परंतु हा पॅटर्न शहराच्या बसस्थानकापर्यंत पोहोचू शकणाऱ्यांसाठी आहे, हे त्याच्या कौतुकात बहुधा विसरले जाते.

अंतराचा प्रश्न

गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत, माध्यमिक विद्यालय चार-सहा किलोमीटरवर आणि कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या ठिकाणी, अशी सर्वसाधारण रचना असते. बारावीपर्यंतचे शिक्षण मुलींना १९८० च्या दशकापासूनच निःशुल्क आहे. २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे शुल्कही माफ केले. मात्र तेथवर पोहोचण्याआधी एस.टी. लागते.

२०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातील अकरावीच्या विद्यार्थिनीने पाससाठी पैसे नसल्याच्या विवंचनेतून जीवन संपविले. ग्रामीण मुलींसाठीची अहिल्याबाई होळकर मोफत पास योजना त्या वेळी दहावीपर्यंतच होती. ती बारावीपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. फी माफ असूनही प्रवासखर्चाचे ओझे किती जड होऊ शकते, हे या घटनेने समाजासमोर आणले.

मानव विकास कार्यक्रमातून २०११ नंतर राज्यातील १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. नांदेड जिल्ह्यातील अनेक तालुके या कार्यक्रमात आहेत. ही योजना निश्चितच उपकारक ठरली. पण बस हे साधन किती नाजूक आहे याचा प्रत्यय २०२१ मध्ये आला. करोनानंतर ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरला उघडले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त असोत वा नसोत, मुलाला मोटारसायकलवर जाता आले. मुलीला घरी बसावे लागले.

स्थलांतर

बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील मुखेड, कंधार, जळकोट यांसारख्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडप्याच्या नावावर, म्हणजे एका 'कोयत्या'वर. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे नाव त्या हिशेबात कोठेच नसते. मात्र धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे ही कामे तिचीच. तिचे नाव गावच्या शाळेच्या पटावर राहते, ती मार्च-एप्रिलमध्ये परतते, आणि तोवर वर्ष गेलेले असते.

हंगामी वसतिगृहे, २००४ पासूनची कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, किनवट-माहूर भागातील आश्रमशाळा आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेली ४१ तालुक्यांतील ८२ वसतिगृहे, अशी शासकीय व्यवस्था कागदावर तरी विस्तृत आहे. परंतु वसतिगृहाचा विषय खाटांच्या संख्येपाशी संपत नाही. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवावयाचे तर तेथे स्त्री अधीक्षक आहे काय, रात्री कोण असते, हे आई विचारते. तिला विश्वसनीय उत्तर देणारी व्यक्ती गावातली असावी लागते.

स्वयंसेवी कार्याची जागा

अशी व्यक्ती उभी करण्याचा अनुभव लातूरला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून घरदुरुस्तीच्या शासकीय कार्यक्रमात शासन व ग्रामस्थ यांच्यामधील दुव्याचे काम केले. सिमेंटचा हिशेब विचारू शकणारी स्त्री वसतिगृहातील जागेचाही हिशेब विचारू शकेल, असे मानावयास हरकत नाही.

तिचे काम आठवीचा निकाल लागल्यापासून सुरू व्हावे. कोणत्या मुलीने नववीत प्रवेश घेतला नाही हे आधीच्या शाळेला कळविण्याची गरज वाटत नाही आणि पुढच्या शाळेला ती मुलगीच ठाऊक नसते. जी गळाली तिच्यासाठी दहावीच्या परीक्षेस खासगीरीत्या बसण्याचा '१७ नंबर'चा अर्ज हा मार्ग खुला आहे. एज्युकेट गर्ल्स संस्थाही मोठ्या वयाच्या मुलींसाठी मुक्त विद्यालयामार्फत असेच कार्य करते. १७ नंबरच्या अर्जासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो काढून आणणे हेच पुष्कळदा मोठे काम होऊन बसते.

या अर्जांची मुदत साधारणतः पावसाळ्यात असते. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची दत्तक गावातील शिबिरे मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलूप असते. विद्यार्थिनी-स्वयंसेविकांनी पोळा ते दसरा या काळात दोन-तीन रविवारी जरी गावात घरोघर फिरून नववी-दहावीच्या वयाच्या मुलींची यादी केली, तरी अर्ज भरण्यास, दाखला काढण्यास आणि वसतिगृहात जागा मिळविण्यास वेळ शिल्लक राहील.