टॅबवर खेळता येते, मग प्रोग्राम का लिहिता येऊ नये?

लॉकडाऊनमध्ये अनेक घरांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी टॅब घेतला. लॅपटॉप झेपण्यासारखा नव्हता. तेव्हा तिसरी-चौथीत असलेली मुलं आता मोठी झाली आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मधल्या वर्गांसाठी कोडिंगचा उल्लेख आला आणि शाळाशाळांत त्याची चर्चा सुरू झाली. आता पालकसभेत अम्मी-अब्बूंचा हमखास प्रश्न असतो, "याच टॅबवर भागेल, की लॅपटॉप घ्यावाच लागेल?" दुकानदार सांगतो, घ्यावाच लागेल. आम्ही सांगतो, थांबा.

टॅब अशक्त म्हणून अडचण येते, असे नाही. आज घरात पडलेला साधा टॅबही शिकाऊ मुलाचा प्रोग्राम सहज चालवू शकतो. अडचण येते ती ॲप विकणाऱ्या दुकानाच्या नियमांमुळे.

गंमत अशी की टॅबची कल्पनाच मुलांनी प्रोग्राम लिहावेत यासाठी मांडली गेली होती. १९७२मध्ये ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'डायनाबुक' नावाच्या, वहीसारख्या हातात धरता येणाऱ्या संगणकाचा आराखडा लिहिला. मुलाने त्यावर वाचावे, चित्र काढावे आणि स्वतःचे प्रोग्राम रचावेत, असे त्यांच्या मनात होते. पुढे एप्रिल २०१०मध्ये ॲपलचा आयपॅड आला, आणि त्याच महिन्यात 'स्क्रॅच'चे प्रकल्प दाखवणारे एक ॲप ॲपलने आपल्या दुकानातून काढून टाकले. स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम शिकवणारी, एमआयटीत तयार झालेली मुलांची भाषा. नियम असा होता की ॲपच्या आत दुसरा कुठलाही प्रोग्राम चालवायचा नाही. त्याआधी २००९मध्ये जुन्या कमोडोर ६४ संगणकाची नक्कल करणारे एक ॲपही असेच काढले गेले होते. त्यात खेळांमागे लपलेली 'बेसिक' भाषा उघडता येत होती, एवढाच त्याचा गुन्हा!

नियमाची बाजूही ऐकली पाहिजे. दुकानात येणारे प्रत्येक ॲप आधी तपासले जाते. तपासणी झाल्यावर ॲपने बाहेरून नवा कोड आणून चालवला, तर तपासणीला अर्थ काय उरला? हे कारण खरे आहे. पण दुकानाबाहेरून माल आला की दलाली बुडते, हेही कारण आम्हाला तितकेच खरे वाटते. दोन्हींचा भुर्दंड मात्र शिकणाऱ्या मुलाला पडला.

दार हळूहळू किलकिले झाले. सप्टेंबर २०१०मध्ये नियम थोडे सैल झाले. २०११मध्ये 'कोडिया' नावाचे ॲप आले, आणि 'कार्गो-बॉट' हा पेट्या उचलून ठेवण्याचा खेळ त्याच्या साहाय्याने आयपॅडवरच लिहिला गेला. पायथन भाषेसाठी 'पायथनिस्टा' आले. २०१६मध्ये ॲपलने स्वतःच 'स्विफ्ट प्लेग्राउंड्स' काढले. २०१७मध्ये नियमात स्पष्ट लिहिले गेले की शिकवण्यासाठीच्या ॲपने कोड उतरवून घेतला तरी चालेल, मात्र तो मुलाला पूर्ण वाचता आणि बदलता आला पाहिजे. आमच्या मते हा नियम शिक्षकाने लिहिल्यासारखा आहे. उत्तरपत्रिका झाकून कोणी शिकत नाही. तरी २०२०मध्ये आयपॅडवर लिनक्स चालवणाऱ्या 'आयएसएच'ला काढून टाकण्याची नोटीस गेलीच. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली.

आपल्याकडे बहुतेक टॅब अँड्रॉइडचे, आणि तिथे बंधने कमी आहेत. प्ले स्टोअरवर स्क्रॅचचे ॲप आहे; उतरवून घेतले की इंटरनेटविना चालते. 'पायड्रॉइड ३' घेतले तर पायथनही तसेच चालते. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात, त्या सोसाव्या लागतात. 'टर्मक्स' मात्र मोठ्या मुलांसाठी. त्यात लिनक्सची सगळी हत्यारे मिळतात, पण अँड्रॉइड १०पासून बाहेरून उतरवलेला कोड ॲपला चालवू न देण्याचा नियम आला आणि २०२०मध्ये प्ले स्टोअरवरच्या टर्मक्सची सुधारणा थांबली. तेव्हापासून त्याचे निर्माते लोकांना 'एफ-ड्रॉइड' या मुक्त दुकानाकडे पाठवू लागले. तिथून घेताना टॅब 'अनोळखी स्रोत' चालू करायला सांगतो. ही परवानगी पालकांनी आपल्या हाताने द्यावी आणि काम झाले की लगेच बंद करावी. ती उघडी राहिली तर मूल उद्या कुठल्याही खेळाची चोरटी प्रत टाकून घेईल, आणि तीच खरी धोक्याची.

यातले काहीच जमले नाही, तरी ब्राउझर आहेच. वेब पानातला कोड ब्राउझर आपल्या चौकटीत चालवतो, त्याला दुकानाची तपासणी लागत नाही. २०१९च्या जानेवारीपासून नवे स्क्रॅच असे पानातच चालते. 'पायोडाइड'मुळे तर पूर्ण पायथन ब्राउझरमध्ये येतो. पहिल्यांदा उघडताना बराच डेटा जातो, म्हणून हे वायफाय असेल तिथे करावे.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना एक गोष्ट फार आवडते. पायथनने वय विचारले आणि मुलाने देवनागरीत १२ लिहिले, तर त्याचा आकडा करताना पायथन अडत नाही. उर्दूतले आकडेही तो ओळखतो. कोडमधल्या नावांसाठी 'वय' असा मराठी शब्दही चालतो. उर्दू वाक्य लिहिताना मात्र अवतरणचिन्हे पडद्यावर भलत्याच जागी गेल्यासारखी दिसतात, कारण उर्दू उजवीकडून चालते आणि कोड डावीकडून. मुलं ती पुसून पुन्हा लिहीत बसतात. त्यांना सांगावे, दिसण्यावर जाऊ नका, चालवून पाहा. टाइप केलेला क्रम यंत्राला ठाऊक असतो.

काचेवर बोटाने कंस आणि स्वल्पविराम शोधणे हा खरा जाच आहे. त्यावर साधा यूएसबी कीबोर्ड आणि तो टॅबला जोडणारा ओटीजी तुकडा पुरतो. लॅपटॉपच्या मानाने हा खर्च किरकोळ, आणि जुना कीबोर्ड तर शेजारीपाजारीही पडलेला असतो. टॅब उशीला टेकवून उभा करावा, अक्षरे थोडी मोठी करावीत आणि पहिला प्रोग्राम सतराच्या पाढ्याचा लिहायला सांगावा.